कॅरट चालेल, क्रेट नाही!

इच्छापोरमध्ये क्राफ्ट बीअर फेस्टिव्हल कधी भरतो, माहीत आहे का?

कधीच नाही.

झालं, फीचर संपलं! पण थांबा, पान उलटू नका. ज्या गावात बीअरचा एक थेंब उघडपणे ओतता येत नाही, त्याच्याच आसपास बीअरचे आणि बाटलीचे असे भन्नाट किस्से सांडलेत की म्युनिकवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. चला, मनातल्या मनात रिस्टबँड बांधा. एंट्री फ्री आहे!

सुरतेहून हजिऱ्याकडे निघालं की वाटेत इच्छापोर लागतं. इथे हिरे-दागिन्यांचं औद्योगिक पार्क आहे. पुढे हजिऱ्याला गॅस, स्टील, खत असा सगळा अवजड मामला. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी साधारण नऊ हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरत आणि परिसरात. थोडक्यात काय, इच्छापोरला कॅरट चालतं, क्रेट चालत नाही. गावाच्या नावातच इच्छा, आणि नेमकी हीच इच्छा बेकायदा!

आता पहिला झटका. गुजरातची दारूबंदी मुळात मुंबईची आहे, माहीत आहे का? कायदा 1949चा, नाव 'बॉम्बे प्रोहिबिशन ॲक्ट'. 1 मे 1960ला मुंबई राज्याची वाटणी झाली आणि दोन्ही राज्यांच्या पदरात हाच कायदा पडला. गुजरातने तो घट्ट धरला, महाराष्ट्राने सैल सोडला. मूळ कायदा एकच, पण सुरतेत तो वाचून घाम फुटतो आणि पुण्यात कुणी वाचतच नाही.

वाचत नाही म्हणून सांगतो. महाराष्ट्रातही कागदोपत्री दारू प्यायला परमिट लागतं! एका दिवसाचं परमिट वर्षानुवर्षं 5 रुपयांना मिळत आलंय. एवढ्यात आता कटिंग चहासुद्धा येत नाही. बीअर आणि वाइनसाठी वय 21 पूर्ण हवं, त्याहून कडक काही हवं असेल तर 25. म्हणजे महाराष्ट्रात मतदान आधी, बीअर नंतर आणि व्हिस्की तर लग्नाच्या वयाच्याही पुढे.

याच कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले होते. त्यांची मागणी होती व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बीअर आणि चक्क यूडीकोलन बाळगण्याच्या हक्काची. 1951 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. दारूबंदी बहुतांशी टिकली, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं सुटली. बीअर हरली, यूडीकोलन जिंकलं! कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही अभ्यासावा लागतो. वास घेत नाहीत, एवढंच.

आणि गुजरातमध्ये अजिबातच नाही, असंही नाही हं. बाहेरच्या राज्यातून आलेल्या पाहुण्याला व्हिजिटर परमिट मिळू शकतं, आजारपणासाठी हेल्थ परमिट असतं. डिसेंबर 2023मध्ये तर गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीला 'वाइन अँड डाइन'ची सवलत मिळाली. गिफ्ट शेवटी गिफ्टच्याच वाट्याला! इच्छापोरला मात्र फक्त रॅपर.

तुम्ही म्हणाल, मग सीमा ओलांडू. तर मग नवापूर स्टेशन माहीत असायलाच हवं. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत. उद्घोषणा होते मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत. तोवर गाडी येऊनही जाते!

फलाटावर एक बाकडं आहे. एका अर्ध्यावर रंगवलंय 'महाराष्ट्र', दुसऱ्या अर्ध्यावर 'गुजरात'. मध्ये एक उभी रेघ. खानदेशातून सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोलीत कामाला आलेल्या मंडळींच्या गाड्या याच मार्गाने धावतात. नवरा-बायको या बाकड्यावर शेजारी बसली तरी दोघं दोन राज्यांत. आणि हो, "मी रेघेच्या अलीकडे बसून पितो" हा प्रयोग मनातही आणू नका. रेल्वेच्या हद्दीत नशेत सापडलात तर रेघेच्या दोन्ही बाजूंना तो गुन्हाच आहे.

आता जरा मागे जाऊ. किती मागे? चारशे वर्षं!

इच्छापोरच्या पुढे, हजिऱ्याजवळ सुवालीचा किनारा आहे. 1612 साली इथल्याच समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं आणि सुरतेत वखारीचा मार्ग मोकळा केला. वखार आली की वखारवाले आले, आणि वखारवाले आले की पिंपं आली.

टॉम कोरियट हे नाव ऐकलंय? हा इंग्रज अवलिया युरोपातून मजल दरमजल करत, बरंचसं पायी चालत हिंदुस्थानात पोहोचला. जेवताना काटा वापरायची इटालियन पद्धत इंग्लंडला ज्यांनी सांगितली, त्यांत याचं नाव पहिलं घेतात. डिसेंबर 1617मध्ये तो सुरतेत आला तोच पोट बिघडलेल्या अवस्थेत. वखारीतल्या देशबांधवांनी पाहुणचार म्हणून 'सॅक' ही स्पॅनिश वाइन पुढे केली. पाहुण्याने नको म्हटलं नाही. आजार बळावला आणि सुरतेतच तो गेला. सुवालीच्या बाजूलाच त्याला पुरलं. हजारो मैल चालून आला, थांबला तो एका पेल्यापाशी!

पुढचा पाहुणा जर्मन, योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो. हा 1638मध्ये सुरतेत उतरला. आता जर्मन म्हणजे बीअरची आठवण काढणारच, नाही का? पण त्याने नोंद केली वेगळ्याच पेयाची. सुरतेचे इंग्रज कडक दारूत गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर घालून पीत होते. हेच ते 'पंच', जे आज जगभरच्या पार्ट्यांत मोठ्या बाऊलमधून वाढतात. पंचच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत सुरतेचं नाव आहे. दारूबंदीच्या राज्याने जगाला कॉकटेल शिकवलं म्हणा ना!

बरं, बीअर शाकाहारी असते का, माहीत आहे का? सुरतेत हा प्रश्न पहिला येणार. उत्तर आहे, बहुतेकदा हो, पण नेहमीच नाही! बीअर नितळ करायला ब्रिटनमध्ये पूर्वापार माशाच्या पोटातली हवेची पिशवी वापरत आलेत. गिनेसनेसुद्धा ही पद्धत सोडली ती अगदी अलीकडे.

आणि आता सीटला घट्ट धरा. नोव्हेंबर 2023मध्ये गुजरातने आपला राज्य मासा जाहीर केला. कोणता? घोळ! आपल्या कोळीवाड्यांत सोन्याच्या भावाने विकला जाणारा तोच घोळ. याच्या पिशवीला, म्हणजे कोळी ज्याला 'बोत' म्हणतात त्याला, परदेशात प्रचंड मागणी असते. आणि तिचा एक उपयोग काय? वाइन आणि बीअर गाळणं! ड्राय स्टेटचा स्टेट फिश बीअर गाळतो. याहून सुंदर विनोद आम्हाला लिहिता आला नसता. 2021मध्ये पालघरच्या मुरबे गावातल्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळ मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटीहून जास्त रुपये झाले. तेवढ्या पैशांत किती पिंट येतील, हा हिशेब ज्याने त्याने घरी करावा.

चला, आता खरंच पिणाऱ्या मुलखात शिरू या. सुरत ते मुंबई सेंट्रल रेल्वेने 263 किलोमीटर. तिथून घाट चढला की क्राफ्ट बीअरचं माहेर, पुणे!

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी 2009 साली पुण्यात सुरू झाली. नाव 'डूलाली'. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे संस्थापक, आणि ब्रूमास्टर थेट जर्मनीचे ओलिव्हर शाउफ. हे नाव कुठून आलं, माहीत आहे का? नाशिकच्या देवळालीहून! ब्रिटिश काळात मायदेशी परतणारे सैनिक देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे. उन्हाने, तापाने आणि कंटाळ्याने काहींचं डोकं फिरायचं. मग इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणायला लागले. देवळालीच्या छावणीतून निघालेली शिवी पुण्यात नळातून वाहू लागली.

पुण्याने मग मागे वळून पाहिलं नाही. 2014मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली. नकुल भोसले यांच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने तर कमालच केली. त्यांनी काढली मिठाची कोकम एल! म्हणजे बघा, आंबट, खारट, किंचित फसफसती. तोंडात गेली की आधी जिभेच्या कडा आक्रसतात, मग मीठ जाणवतं, आणि शेवटी जव आठवण करून देतो की ही सोलकढी नाही. मालवणी माणसाने भाताबरोबर मागवली नाही म्हणजे मिळवलं.

मुंबईचं क्राफ्ट बीअरमधलं मोठं नाव म्हणजे गेटवे ब्रुइंग कंपनी. नाव ऐकून गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल हॉटेल, समुद्राचा वारा असं काय काय डोळ्यांपुढे येतं ना? बीअर बनते डोंबिवलीत. 8:11ची फास्ट लोकल पकडणाऱ्या डोंबिवलीकरांनो, कॉलर टाइट करा!

पुण्याचीच मूनशाइन मीडरी ही भारतातली पहिली मीडरी. मीड म्हणजे मध आंबवून केलेलं पेय. बीअर नव्हे, पण फेस्टिव्हलमध्ये शेजारच्या टेबलावर हमखास दिसतं. पुढे चला.

क्राफ्ट बीअर बनते कशी? इथे जरा थांबू, कारण अर्धी रेसिपी तुमच्या घरात आहे. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, हलकेच भाजायचे. झाला माल्ट! बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करणारी आजी नकळत अर्धी ब्रूमास्टर असते. मोड आले की धान्यात एन्झाइम तयार होतात आणि पिठाची साखर करायला लागतात. आजी तिथे थांबते आणि लापशी करते. ब्रूमास्टर पुढे जातो. हा माल्ट भरडून साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो, गोड पाणी गाळून घेतो, हॉप्स घालून उकळतो, थंड करतो आणि मग यीस्ट सोडतो. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि बुडबुडे देतं. एल हवी तर उबेत काही दिवस, लागर हवी तर गारठ्यात काही आठवडे. आणि उरलेला चोथा? तो गुरांच्या वैरणीत. म्हशी मजेत!

हॉप्स हे भांगेचे सख्खे नातेवाईक आहेत, माहीत आहे का? दोघं एकाच कुळातले. पण घाबरू नका, हॉप्सने नशा चढत नाही, कडवटपणा येतो. भारतात ते कुठे पिकतात? हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. बर्फाच्या शेजारी!

बाटली तपकिरी का असते? स्टाइल म्हणून नव्हे हो! उन्हामुळे हॉप्समधल्या घटकांपासून गंधकाचं एक संयुग तयार होतं, आणि त्याचा वास जातो थेट स्कंक या जगप्रसिद्ध दुर्गंधी प्राण्यावर. तपकिरी काच ऊन अडवते. तेव्हा ओपन-एअर फेस्टिव्हलमध्ये ग्लास धरून सेल्फीसाठी अर्धा तास उन्हात उभे राहू नका. फोटो छान येईल, वास येणार नाही असं नाही.

फेस किती वेळ टिकतो यावर कुणी भौतिकशास्त्राचं पारितोषिक मिळवेल का? मिळवलं! जर्मनीच्या आर्न्ड लाइके यांनी बीअरचा फेस किरणोत्सर्गी पदार्थासारख्याच गणिती नियमाने विरतो हे दाखवलं आणि 2002चं इग्नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाचं पारितोषिक, पटकावलं. अभ्यासासाठी लागलेलं साहित्य कुठे गेलं, हे कुणी विचारलं नाही.

सायन्स साइडवाल्यांनो, अजून आहे. अकरावीला छळणारी पीएच स्केल सापडली कुठे? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या लॅबमध्ये, 1909ला, सोरेनसेन यांच्या हाती. संख्याशास्त्रातली 'स्टुडंट्स टी-टेस्ट'? ती गिनेसच्या विल्यम गॉसेट यांची, 1908ची. कंपनीची गुपितं फुटू नयेत म्हणून त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने पेपर छापला. आणि तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रीज? 1870च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी शीतयंत्रं बनवली ती म्युनिकच्या ब्रुअरीच्या पैशाने. उन्हाळ्यातही लागर गार राहावी म्हणून! आज त्याच फ्रीजमध्ये तुम्ही काय ठेवता? कोथिंबीर.

गारव्यावरून आठवलं. फ्रीज नव्हते तेव्हा मुंबईत बर्फ कुठून यायचा, माहीत आहे का? अमेरिकेहून! 1834च्या सुमारास बॉस्टनच्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमीही तेव्हा गाजली होती.

आयपीएमधला 'आय' म्हणजे इंडिया, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ही इंडिया पेल एल इंडियात बनलेलीच नव्हती! लंडनच्या बो ब्रुअरीचे जॉर्ज हॉजसन यांचं नाव तिच्याशी जोडलंय. त्यांची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होती, जहाजांचे कप्तान खासगी धंदा म्हणून पिंपं भरून आणायचे. उष्ण देशांसाठी जादा हॉप्स घालायची पद्धत तेव्हा रूढ होतीच. नाव आपलं, नफा त्यांचा. नेहमीचंच!

भारतात ब्रुअरीची सुरुवात कसौलीच्या डोंगरात एडवर्ड डायर यांनी केली. डायर आडनाव ओळखीचं वाटलं? बरोबर. जालियनवाला बागेत गोळ्या झाडायला लावणारा रेजिनाल्ड डायर हा या घराण्यातलाच मुलगा. त्याचा जन्म मरीचा, वडील तिथल्या ब्रुअरीचा कारभार बघत. ती मरी ब्रुअरी 1860ची, आज पाकिस्तानात आहे आणि चालू आहे! तिथे मुसलमानांना पिण्याची बंदी, पण कारखाना धूमधडाक्यात. गुजरातलाही जमलं नाही ते.

दोन सेकंद सिरियस होऊ. महाराष्ट्रातली बीअरची खरी राजधानी म्हणजे छत्रपती संभाजीनगर. वाळूज, शेंद्रा इथल्या औद्योगिक वसाहतींत मोठमोठ्या कंपन्यांचे कारखाने उभे आहेत. बीअर म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. 2016च्या दुष्काळात मराठवाड्यात टँकरची रांग लागली होती, तेव्हा हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने ब्रुअरींच्या पाण्यात निम्म्याहून जास्त कपात करायला लावली. लातूरला रेल्वेने पाणी नेलं ते हेच वर्ष. आमचं मत विचाराल तर निकाल उशिरा आला, पण योग्य आला.

बॅक टू मस्ती!

खट्याळ प्रश्न: म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट कोणत्या महिन्यात सुरू होतो? सप्टेंबरमध्ये! 12 ऑक्टोबर 1810ला बव्हेरियाचा राजपुत्र लुडविग आणि राजकन्या थेरेझा यांचं लग्न लागलं. पाठोपाठ घोड्यांची शर्यत झाली, आणि लोकांना ती इतकी आवडली की दर वर्षी भरायला लागली. शर्यत विसरली गेली, बीअर राहिली. हवा बरी मिळावी म्हणून नंतर तारीख पुढे न ढकलता मागे ओढली. 2023मध्ये सत्तर लाखांहून जास्त लोक आले होते. मैदानाचं नाव आजही नवरीच्या नावाने आहे. वरातीला दोनशे वर्षं झाली, पाहुणे अजून घरी गेले नाहीत!

तिथे हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर काय काय जमा होतं, माहीत आहे का? मोबाइल, पाकिटं आणि दातांच्या कवळ्या. कवळी विसरून माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आठवते.

आणि बीअर वाढणाऱ्यांची ताकद! 2017मध्ये बव्हेरियातल्या आबेन्सबर्गला ओलिव्हर श्ट्रुंफेल यांनी एका दमात लिटरचे 29 भरलेले मग 40 मीटर चालत नेले. आपल्याकडे लग्नात पंगतीला ताटं धरणाऱ्यांनी यावर एकदा विचार करावा.

फिनलंडच्या सोन्कायार्वी गावात बायकोला पाठीवर घेऊन पळायची जागतिक स्पर्धा होते. बक्षीस? बायकोच्या वजनाइतकी बीअर! "तुझं वजन वाढलंय" हे वाक्य कौतुकाने म्हणता येणारी ही बहुधा पृथ्वीवरची एकमेव जागा.

बेल्जियमच्या ब्रुज शहरात 2016पासून बीअरची पाइपलाइन आहे. ब्रुअरी जुन्या शहरात, बाटल्या भरायचा कारखाना बाहेर, आणि मध्ये टँकरची वर्दळ नको म्हणून जमिनीखालून तीनेक किलोमीटर नळी! खर्चाचा काही भाग नागरिकांनीच वर्गणी काढून दिला, आणि बदल्यात आयुष्यभर बीअरचा वायदा मिळवला. हजिऱ्यालाही पाइपलाइनी आहेत म्हणा, पण त्यांतून गॅस वाहतो.

किस्सा दु:खाचा: 17 ऑक्टोबर 1814ला लंडनच्या हॉर्स शू ब्रुअरीत बीअरचं भलंमोठं पिंप फुटलं. गल्लीत लाट उसळली आणि आठ जणांचा जीव गेला. चौकशीत ठरलं की हा दुर्दैवी अपघात. ब्रुअरीला दंड नाही.

फेस्टिव्हलमध्ये डास तुम्हालाच का चावतात? कारण तुमच्या हातात बीअर आहे! बुर्किना फासो देशात संशोधकांनी काही जणांना बीअर आणि काहींना पाणी पाजून त्यांच्याकडे मलेरियाचे डास सोडले. डासांचा कल बीअरवाल्यांकडे. 2010मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तर फेस्टिव्हलच्या बॅगेत ओळखपत्राशेजारी ओडोमॉस ठेवा.

अमेरिकेतल्या ग्रेट अमेरिकन बीअर फेस्टिव्हलची सुरुवात 1982ची, साधारण आठशे माणसांपासून. तिथली एक फॅशन बघा: गळ्यात प्रेट्झेलची माळ! एका बीअरनंतर एक मणी खायचा, तोंड स्वच्छ, पुढचा स्टॉल. आणि कुणाच्या हातून ग्लास पडला की अख्खा हॉल एकसुरात ओरडतो. आपल्याकडे चकल्यांची माळ का नाही? स्टार्टअपवाल्यांनो, आयडिया फुकट घ्या.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक गुरुमंत्र. चवीचे छोटे ग्लास घ्या आणि फिकटापासून गडदाकडे जा. सुरुवातीलाच कॉफीच्या रंगाची स्टाउट मारली तर नंतरची नाजूक व्हीट बीअर पाणी वाटेल. आणि पुण्यातला ऑक्टोबर निवडलात तर कॅलेंडर बघा. महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर ड्राय डे असतोच, पण दारूबंदी सप्ताहामुळे यादीत 8 ऑक्टोबरही येतो. वर्धा आणि गडचिरोलीत तर वर्षाचे सगळेच दिवस ड्राय!

आता इच्छापोरकरांनो, तुमचे डोळे पाणावायच्या आत सांगतो. तुमचा स्वतःचा ऑक्टोबरफेस्ट आहे! आपल्याकडे कोजागिरीचं दूध आटतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत 'चंदी पडवो' असतो. संध्याकाळ झाली की कुटुंबंच्या कुटुंबं डुमस रोडच्या फुटपाथवर चादरी अंथरतात. डबे उघडतात. आत घारी: मावा, पिस्ता, बदाम भरलेली जाडजूड चकती, वरून गोठलेल्या तुपाचा पांढरा थर. बोटाने दाबली तर बोट चमकतं. गोड डोक्यात गेलं की शेजारच्या डब्यातलं तिखट भुसू, म्हणजे फरसाण. रस्त्यावर शहर, ताटात तूप, आकाशात चंद्र आणि कुणाच्याही तोंडाला वास नाही. प्रामाणिकपणे सांगतो, म्युनिकच्या तंबूपेक्षा हा फुटपाथ भारी!

प्यायला काय? सोस्यो! सुरतेच्या अब्बास अब्दुलरहीम हाजूरी यांनी 1923मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं हे देशी फसफसतं पेय. विलायती विम्टोला स्वदेशी टक्कर द्यायला ते आलं. 2023मध्ये, शंभरी गाठताना, रिलायन्सने कंपनीतला निम्मा हिस्सा घेतला. रंग तपकिरी, फेस आहे, चव द्राक्ष-सफरचंदाच्या मधली कुठली तरी. ग्लासात ओतून लांबून फोटो काढलात तर पुण्याचे मित्र दहा मिनिटं तरी जळतील.

हिवाळ्यात नीरा आहेच, सूर्य वर यायच्या आत प्यायची. उशीर केला की ती आपली आपण ताडी व्हायला लागते. यीस्टला दारूबंदी कळत नाही! शिवाय पोंक, म्हणजे आपला हुरडा, लिंबू-मिरीच्या शेवेसकट. खानदेशी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

एवढं वाचूनही पुण्याचं तिकीट काढणारच असाल, तर चार गोष्टी पाळा. वय 21च्या पुढे असू द्या, ओळखपत्र खिशात ठेवा. रिकाम्या पोटी जाऊ नका. येताना-जाताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आणि सुरतेला परतताना बॅगेत एक कॅनसुद्धा आणू नका. "आठवण म्हणून ठेवलाय, साहेब" हे उत्तर गुजरात पोलिसांनी आधी बऱ्याचदा ऐकलंय.